ऐकणारीलाही चौकटीत बसव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रकथेची बारा पानं आणि आजींच्या बोलण्याचा उतारा मिळाला. आधी उतारा वाचला, मग पानं बघितली. उताऱ्यात आजी अडखळतात, तुलाच उलटे प्रश्न विचारतात, स्टोव्हच्या पिनेवरून एकदम भावाच्या इस्राएलला जाण्यावर येतात आणि मध्येच ‘हे नको लिहूस’ म्हणतात. पानांवर यातलं काहीच उतरलेलं नाही. तिथे पहिल्या चौकटीत सहा टोकांचा तारा आहे, दुसरीत मेणबत्त्या, तिसरीत टोपी घातलेले पणजोबा, आणि खाली एकसुरी निवेदन. आजी हे कोणाला सांगतायत, कुठे बसून, आणि इतक्या वर्षांनी आत्ताच का, ते कळत नाही. ऐकणारी तू पानावर कुठेच नाहीस. माझी मोठी तक्रार ही एकच आहे. बाकीच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात.

ज्यू चित्रकथांचा विषय निघाला की सगळे होलोकॉस्टपासून, नाझींनी केलेल्या संहारापासून, सुरुवात करतात. तू त्याच्याही मागे जा. पेसाह या सणाच्या रात्री जी हगादा नावाची पोथी उघडून बसतात, तिची रचनाच सांगण्या-ऐकण्याची आहे. घरातलं सर्वांत लहान मूल चार प्रश्न विचारतं आणि मोठी माणसं इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट सांगतात. त्यात चार तऱ्हेची मुलंही येतात: शहाणं, उद्धट, भोळं आणि ज्याला प्रश्न विचारताच येत नाही असं. प्रत्येकाला उत्तर वेगळं द्यायचं, म्हणजे ऐकणारा कोण आहे यावर गोष्ट ठरते. शिवाय हगादा शतकानुशतकं सचित्र निघत आली आहे. सुमारे १३०० साली जर्मनीत तयार झालेल्या एका हगादेत ज्यू माणसांना पक्ष्यांची डोकी आहेत. ती आज जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. आणि १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हगादेत हिब्रूबरोबर मराठी आहे, चित्रांमध्ये साड्या नेसलेल्या बेने इस्राएल, म्हणजे तुमच्याच कोकणातल्या मराठी ज्यू, बायका पेसाहची बिनआंबवणाची भाकर करताना दिसतात. तुझ्या टेबलावर आधी ही हवी, पोलंड त्यानंतर.

आता ‘माउस’, होलोकॉस्टमधून वाचलेल्या पोलिश ज्यू बापाची गोष्ट, ज्यूंना उंदीर करून काढलेली. तू ते इतक्यांदा वाचलंस, तरी लक्ष उंदरांवरच राहिलं असं पानांवरून दिसतं. आर्ट स्पीगलमनची पहिली ‘माउस’ १९७२ मधली, अवघ्या तीन पानांची. तिच्यातसुद्धा बाप मुलाला झोपताना गोष्ट सांगतो. पुढे १९८० पासून ‘रॉ’ या नियतकालिकात प्रकरणं येत गेली, १९८६ आणि १९९१ मध्ये दोन खंड झाले, १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. त्या जवळपास तीनशे पानांत बाप, व्लाडेक, न्यूयॉर्कमधल्या रेगो पार्कच्या घरी व्यायामाच्या सायकलवर पाय मारत बोलतो, औषधाच्या गोळ्या मोजत बोलतो, लपायची जागा कशी होती हे समजावताना स्वतःच तिचा आराखडा काढतो. मुलगा वैतागतो, टेप लावतो, बापाला पुन्हा मूळ मुद्द्यावर आणतो. एक काम कर. पुस्तकाच्या प्रत्येक पानावर पेन्सिलीने खूण कर: आज चाललेल्या चौकटींना ‘आ’, पूर्वीच्या चौकटींना ‘पू’. ‘आ’ कुठे घुसतो ते बघ. गोष्ट असह्य होऊ लागली की, बापाची आठवण डळमळली की, किंवा नुसतं जेवणाची वेळ झाली म्हणून. तुझ्या बारा पानांत ‘आ’ एकदाही येत नाही.

त्याच पुस्तकातल्या चार जागा तुला थेट उपयोगी पडतील.

पहिली ऑशविट्झ या नाझी छावणीतल्या वाद्यवृंदाची. मुलाने वाचलेलं असतं की कैदी कामाला निघताना फाटकाशी वाद्यवृंद वाजत असे. बाप म्हणतो, मला तर नुसतं पायांचं चालणं आठवतं. स्पीगलमन एका चौकटीत वाद्यवृंद काढतो. पुढच्या चौकटीत चालत्या कैद्यांची रांग त्याला झाकून टाकते, पण वाद्यांची टोकं डोक्यांमागून दिसत राहतात. कागदपत्रं आणि आठवण यांतला वाद त्याने मिटवला नाही, दोन्ही एकाच जागी ठेवली. तुझ्या आजी सांगतात की मुंबईला आलो ते बोटीने, मामा सांगतात एसटीने. तू गुपचूप बोट निवडलीस. बोट काढ, आणि मामांना तिच्या कठड्याशी एसटीचं तिकीट घेऊन उभं कर.

दुसरी जागा वचनाची. लग्नाआधीची प्रेयसी ल्युसिया हिच्याबद्दल सांगून झाल्यावर बाप म्हणतो, हे पुस्तकात घालू नकोस, आणि मुलगा शब्द देतो. तो प्रसंग आपण वाचतोय, याचा अर्थ शब्द मोडलेला आहे आणि पुस्तक ते लपवत नाही. हे अनुकरण करण्याजोगं आहे असं मी म्हणणार नाही. स्पीगलमनने ती किंमत उघड्यावर मांडली, इतकंच. तुझ्या उताऱ्यात ‘नको लिहूस’ पाच ठिकाणी आहे. या पाचांची वेगळी यादी कर आणि प्रत्येक जागी आजींना पुन्हा विचार, शक्यतो काढलेलं पान समोर ठेवून, कारण माणसं शब्दांना एक उत्तर देतात आणि चित्राला दुसरं. कधीकधी घटनेला हरकत नसते, नावाला असते. कधी नावाला नसते, पण नातवंडांनी ते वाचण्याला असते.

तिसरी, भाषेची. व्लाडेक आज बोलतो ते मोडकंतोडकं इंग्रजी. पण पूर्वीच्या प्रसंगांत तो पोलिश बोलत असणार, म्हणून तिथे त्याचे संवाद अस्खलित इंग्रजीत आहेत. वाचकाला कोणी समजावत नाही, तरी कळतं की हा माणूस एकेकाळी आपल्या भाषेचा धनी होता. तुझ्या आजींचा भाऊ इस्राएलमधल्या लोदमध्ये दुकानात हिब्रू बोलतो तेव्हा त्याला तुटक बोलू दे, घरी अलिबागकडची मराठी बोलतो तेव्हा मोकळा सोड. तू दोन्हीकडे पुस्तकी मराठी घातलीस, त्यामुळे त्याचं स्थलांतर संवादांच्या फुग्यांत ऐकूच येत नाही. आजी सिनेगॉगला, ज्यू प्रार्थनागृहाला, ‘मशीद’ म्हणतात ते तसंच राहू दे. खाली तळटीप नको. त्याच चौकटीत दारावरची हिब्रू पाटी दिसली की काम झालं.

चौथी, फोटोंची. शेवटाकडे व्लाडेकचा छावणीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला फोटो आहे. तो छावणीत काढलेला नाही. सुटकेनंतर एका फोटोवाल्याकडे असा स्वच्छ गणवेश होता, तो घालून काढून घेतलेला आहे. फोटो खरा आणि त्यातलं दृश्य रचलेलं. तू आल्बममधले फोटो पुरावा म्हणून चिकटवलेस. स्टुडिओतल्या फोटोत मागे रंगवलेला पडदा असतो, अंगावर कोणाकोणाकडून मागून आणलेला कोट असतो. त्यांची विचारपूस कर आणि तीही पानावर येऊ दे.

प्राण्यांबद्दल मात्र कडक बोलणार आहे. तुझ्या चौथ्या पानापासून सगळे नातेवाईक खारी झालेत. का? स्पीगलमनला उंदीर सुचला तो गोंडस म्हणून नव्हे. नाझी प्रचार ज्यूंना उंदीर-घुशीच म्हणत होता, १९४० च्या एका प्रचारपटात तर तशी दृश्यंच आहेत. शिवी उचलून तिचाच चेहरा केला, आणि मग त्या चेहऱ्यालाही तो पानापानावर नाकारत गेला. पोलिश असल्याचं सोंग घेतलेल्या ज्यूंच्या तोंडावर डुकराचे मुखवटे आहेत आणि मागे बांधलेली दोरी दिसते. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला प्रश्न पडतो की फ्रेंच बायको, जी धर्मांतर करून ज्यू झाली, तिला कोणता प्राणी काढायचं. पुढे स्वतः लेखकच माणसाच्या अंगावर उंदराचा मुखवटा बांधून टेबलाशी बसतो, खाली प्रेतांचा खच. आणि पहिल्या खंडात आईच्या आत्महत्येची चार पानं येतात, तिथे प्राणी नाहीतच, कोरीव छाप्यासारखी काळी माणसं आहेत. इतकं करूनही पोलिश माणसांना डुकरं केल्याबद्दलचा राग त्याच्या वाट्याला आलाच. रूपकाची वसुली होते. तुमच्या लोकांना कोणी कधी खार म्हटलेलं नाही. काढून टाक.

मग चेहऱ्यावरून ओळख कशी दाखवायची? दाखवायची नाही. बाकदार नाक आणि जाड ओठ ही ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांची ठेवणीतली भाषा आहे, आणि ज्यू चित्रकारांचे हातही तिच्यातून आपोआप सुटले नाहीत. विल आयझ्नरने २००३ मध्ये ‘फॅगिन द ज्यू’ करताना डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या मूळ चित्रांतल्या त्या चेहऱ्याचा समाचार घेतला, पण त्याच आयझ्नरच्या ‘द स्पिरिट’मधला एबनी हा काळा मुलगा वंशवादी ठशातलाच होता आणि तोही हिशेब त्याला पुढे द्यावा लागला. घरच्या फोटोंवरून निदान पाच माणसांचे नमुना-तक्ते कर: प्रत्येकाचा चेहरा समोरून, बाजूने, पाऊण वळलेला, आणि दोन वयांत. बेने इस्राएल बाई शेजारच्या आगरी किंवा कुणबी बाईहून चेहऱ्याने वेगळी दिसणार नाही, नऊवारी तीच, हातात हिरव्या बांगड्या त्याच. ही अडचण वाटते, पण तुझं पुस्तक इथेच सुरू होतं.

कोकणात या लोकांना शनवार तेली म्हणत. तेलाचा घाणा सहा दिवस फिरायचा आणि शनिवारी थांबायचा. वेगळेपण ना कपड्यांत होतं, ना तोंडावळ्यात. ते आठवड्याच्या लयीत होतं, आणि लय हे तर कॉमिक्सचं घरचं काम. तू पहिल्या पानावर तारा काढलास त्याऐवजी हे पान करून बघ. वर दोन ओळी, प्रत्येकी तीन लहान चौकटी, रविवारपासून शुक्रवारपर्यंत. प्रत्येक चौकटीत कोन तोच, बैल वर्तुळात थोडा पुढे सरकलेला, घाण्याची लाट तिरपी, तेलाची धार, लाकडाचा कर्रर्र आवाज अक्षरांत. खाली पानभर रुंदीची सातवी चौकट: बैल बसलेला, जू भिंतीला टेकवलेलं, आवाजाचं एकही अक्षर नाही, आणि गावातली एक बाई रिकामं भांडं घेऊन परत निघालेली. बस. एक बारकावा सांभाळ, नाहीतर जाणकार वाचक हसेल: शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसावा, शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो. तेव्हा सहाव्या चौकटीत सावल्या लांब असू देत आणि घाणा सोडवायची लगबग असू दे. आणि पहिली चौकट रविवारचीच; सोमवारपासून सुरू केलंस तर शनिवार सहावा येईल आणि सगळी मांडणी कोसळेल.

वेळ कसा ताणायचा हे शिकायला बर्नार्ड क्रिगस्टाइनची ‘मास्टर रेस’ मिळव. १९५५ ची चित्रकथा, ईसी कॉमिक्स या अमेरिकी प्रकाशनाची, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतली. कथा सहा पानांत बसवायची होती. त्याने आठ मागून घेतली आणि एकेका क्षणाचे उभे पातळ तुकडे केले. छळछावणीचा जुना अधिकारी फलाटावरून पळतो, पडतो, आणि गाडी त्याच्यावरून जाते ती काप काप होऊन. मागे लागलेला माणूस कोण, हे शेवटीही ठाम सांगितलेलं नाही. तुझ्या सातव्या पानावर बाहेरून आलेल्या दावीद राहाबीची कथा आहे: बायकांना सगळ्या प्रकारचे मासे रांधायला दिले, त्यांनी पर आणि खवले नसलेले, म्हणजे ज्यूंना वर्ज्य, ते बाजूला काढले, आणि त्यावरून त्याने ओळखलं की ही आपलीच माणसं. तू ती एका चौकटीत आणि साठ शब्दांत संपवलीस! ही पूर्ण पानाची, एकही शब्द नसलेली गोष्ट आहे. फक्त हात, विळी, टोपली, दोन ढीग. शेवटच्या चौकटीत बघणाऱ्या पाहुण्याचे डोळे, तेही नाही काढलेस तरी चालेल. कॅप्शनमध्ये सन मात्र घालू नकोस. राहाबी कोण आणि केव्हाचा यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि नौगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांच्या, तुमच्या मूळपुरुषांच्या, कथेसारखीच ही पिढ्यांनी सांगितलेली कथा आहे. अशा कथांसाठी हत्यार बदल. आजींनी स्वतः पाहिलेलं असेल ते पेनने, त्यांनी ऐकलेलं असेल ते ओल्या ब्रशने, असा एक नियम ठरव आणि पुस्तकभर मोडू नकोस.

मिरियम काटिनने ‘वुई आर ऑन अवर ओन’मध्ये (२००६) हेच पेन्सिलीने केलं: १९४४ मध्ये बुडापेस्टमधून आई आणि लहान मुलगी खोट्या कागदपत्रांवर पळतात तो भाग करडा, नंतरच्या आयुष्यातले तुकडे रंगीत. तिचं ते पहिलं पुस्तक साठी उलटल्यावर आलं, हे तुझ्या घाईला सांगून ठेवते. शार्लोट सालोमोनची ‘जीवन? की नाटक?’ ही सातशे एकोणसत्तर गुआश (अपारदर्शक जलरंग) चित्रांची मालिका १९४० ते १९४२ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये झाली. तिने बऱ्याच चित्रांवर पारदर्शक कागद ठेवून शब्द त्यावर लिहिले, म्हणजे शब्द उचलून खालचं चित्र मोकळं बघता येतं. १९४३ मध्ये तिला ऑशविट्झला मारलं. हा पारदर्शक थर तुला आजींच्या हरकतींसाठी वापरता येईल: खाली चित्र, वर ट्रेसिंगवर आजींचं म्हणणं. छपाईत तो खर्चिक पडतो, म्हणून वीस पानांत एखादाच.

सुपरहिरोंचा मोह आवर. तू प्रस्तावनेत सुपरमॅन म्हणजे मोझेस, कॅप्टन अमेरिकाची ढाल म्हणजे तारा, गुप्त ओळख म्हणजे ज्यू स्थलांतरिताचं दुहेरी आयुष्य असं लिहिलंस. सुपरमॅन काढणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर क्लीव्हलंडची ज्यू पोरं होती, १९३८ मध्ये त्यांनी तो एकशे तीस डॉलरला विकला, हे खरं. जेकब कुर्ट्झबर्ग नावाचा माणूस जॅक कर्बी झाला, स्टॅन्ली लीबर स्टॅन ली झाला, आणि कर्बी व जो सायमन यांच्या कॅप्टन अमेरिकाने मार्च १९४१ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारला तेव्हा अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती. ठोसा हे विधान आहे. मोझेस हा बहुतांशी नंतरच्या वाचकांचा अर्थ आहे. कोण ज्यू आहे हे पात्राने पानावर म्हणायला दशकं लागली. ‘फँटास्टिक फोर’मधला बेन ग्रिम १९६१ पासून आहे आणि त्याचं ज्यू असणं कथेत उघडपणे आलं २००२ मध्ये. प्रस्तावनेतला हा भाग मी असते तर सगळाच गाळला असता, तुझ्या आजींशी त्याचा संबंध नाही.

‘द रॅबाय्ज कॅट’ मात्र वाच आणि समोर ठेवून कॉपी कर. जोआन स्फारची ही मालिका २००२ पासून निघाली, गोष्ट फ्रेंच राजवटीतल्या अल्जियर्सची. मांजर पोपट खाते, बोलायला लागते आणि पहिल्या तोंडाने खोटं बोलते. तिचा मालक राबाय, म्हणजे ज्यू धर्मगुरू. त्याला नेमणूक टिकवायला फ्रेंच शुद्धलेखनाची परीक्षा द्यावी लागते. अरबी जगातले, युरोपीय नसलेले, साहेबाच्या भाषेत नापास व्हायची भीती बाळगणारे ज्यू: तुझ्या लोकांचे हे जास्त जवळचे नातलग. बहुतेक पानांवर सहा सारख्या चौकटी आहेत. एवढ्या शिस्तीच्या जाळीत तो मांजर प्रत्येक वेळी वेगळी काढतो, कधी नुसती शेपटी, कधी वाघ.

आता भावाच्या लग्नाचा भाग, तुझं नववं आणि दहावं पान. १९६२ च्या सुमारास इस्राएलच्या मुख्य रब्बी-मंडळाने लग्न नोंदवताना बेने इस्राएल लोकांची आधीच्या पिढ्यांची वंशावळ तपासायला सांगितलं, त्यावरून आंदोलन झालं, आणि १९६४ मध्ये क्नेसेटने, तिथल्या संसदेने, ठरावाने म्हटलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. तू हा प्रसंग भाषणासारखा काढलास, मुठी वळलेल्या, तोंडं उघडी. आजींच्या उताऱ्यात काय आहे ते परत वाच: टेबल, कारकून, आणि ‘आईच्या आईचं नाव?’ हा प्रश्न. होर्स्ट रोझेन्थाल नावाच्या जर्मन ज्यू तरुणाने १९४२ मध्ये फ्रान्सच्या गुर्स छावणीत एक छोटी पुस्तिका काढली, तिच्यात मिकी माउसला पकडून आणतात आणि अधिकारी त्याला आईबाप कोण, तू ज्यू का, असं विचारतो. बाप वॉल्ट डिस्ने. शेवटी मिकी म्हणतो, मी तर नुसतं चित्र, आणि स्वतःला खोडून अमेरिकेला निघून जातो. रोझेन्थालला त्याच वर्षी ऑशविट्झला पाठवलं, तो परतला नाही. गुर्सची आणि लोदच्या कचेरीची बरोबरी चुकूनही करू नकोस. एका ठिकाणी मरण होतं, दुसऱ्या ठिकाणी अपमान. पण टेबल कसं काढायचं ते त्याच्याकडून घे: वाचकाला कारकुनाच्या खुर्चीत बसव, प्रश्न चौकटीबाहेरून येऊ दे, आणि भावाचा चेहरा प्रत्येक उत्तरागणिक थोडा खाली जाऊ दे.

वस्तूंच्या चुका पुष्कळ आहेत, भराभर सांगते. हनुक्का या दिव्यांच्या सणाच्या दिवट्याला नऊ जागा असतात. तू सात काढल्यास, तो मंदिरातला मेनोरा झाला. मेझुझा, म्हणजे दाराला लावतात ती प्रार्थनेची डबी, आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर; तुझ्याकडे डावीकडे आहे, बहुधा चित्र आरशासारखं उलटं केलंस म्हणून, आणि त्याच कारणाने पाचव्या पानावरची हिब्रू अक्षरंही उलटी आहेत. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, दालेत आणि रेश, हे आणि हेत, बेत आणि काफ यांच्यात एका कोपऱ्याचाच फरक असतो. वाचता येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय शाई लावू नकोस. युरोपचं एक पान ठेवणारच असशील तर लक्षात ठेव: व्याप्त पोलंडच्या मुख्य भागात पांढऱ्या दंडपट्टीवर निळा तारा होता, पिवळा कापडी तारा जर्मनीत आणि तिने जोडून घेतलेल्या मुलखात, हातावर नंबर गोंदले जात ते फक्त ऑशविट्झमध्ये. मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या प्रसादाच्या, ताटाचं चित्र छान आहे, पण पोहे, गूळ, ओलं खोबरं कालवतानाचे हात दाखव. भिंतीवर प्रेषित एलियाहू हनाबींची रथातली तसबीर आहे, तिला काच आणि हार दे.

मोजमापांकडे येते. बोलतं माणूस तासाला सहा-सात हजार शब्द सांगतं. कॉमिक्सच्या पानाला दीडशे शब्द झाले की चित्र गुदमरतं, मराठीत तर एकशे वीसच धर. म्हणजे एका तासाच्या बोलण्याची पन्नास पानं होतात आणि तुझ्याकडे नऊ तास आहेत. दहातला एक भाग ठेवायचा, पण ठेवताना घटनांपेक्षा वळणं निवड, जिथे आजी थांबतात, विषय बदलतात, हसतात. पुढचं रेकॉर्डिंग पाऊण तासाच्या वर नको. त्यानंतर म्हातारी माणसं सांगत नाहीत, उरकतात. ‘तेव्हा कसं वाटलं’ विचारू नकोस. चूल कुठे होती, दार कुठल्या बाजूला उघडायचं, रात्री कोण कुठे झोपायचं हे विचार, आणि घराचा नकाशा त्यांच्याच हातात पेन्सिल देऊन काढून घे. तो कागद जसाच्या तसा छापायचा.

पुस्तक १७ बाय २४ सेंटिमीटरचं हवं असेल तर दीडपट, साडेपंचवीस बाय छत्तीसवर काढ. ए-थ्री कागदात बसतं. छापताना रेघ दोन-तृतीयांश होते, म्हणजे ०.३ चं पेन ०.२ दिसेल, त्याहून बारीक हॅचिंग भरून काळं होईल. स्पीगलमनने ‘माउस’ छापील आकारातच, साध्या टाइपच्या कागदावर फाउंटन पेनने काढलं, म्हणून ती रेघ हस्ताक्षरासारखी लागते. तुझा हात अजून तेवढा स्थिर नाही, तू दीडपटच धर. पेन्सिलचं काम सहाशे डीपीआय ग्रेस्केलमध्ये स्कॅन कर, निव्वळ काळी रेघ बाराशेवर.

फुग्यांसाठी इंग्रजी कॉमिक्सचा अंदाज चालत नाही. देवनागरीत वर मात्रा-वेलांटी, खाली उकार. दोन ओळींत अक्षराच्या उंचीएवढी तरी जागा सोड, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. काढताना अक्षर चार मिलिमीटर ठेव. इंग्रजीतला मोठ्या लिपीचा जोर आपल्याकडे नाही, तेव्हा ओरडणं शिरोरेघ जाड करून दाखव. फुग्यात वीस-बावीस शब्दांवर गेलीस की दोन फुगे कर. टाइप करणार असशील तर सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे अशा लिप्या नीट जुळवणारी सोय, चालू आहे का ते आधी बघ. नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते, जोडाक्षरं फुटतात आणि हिब्रू उलटी होते. रुटू मोडनच्या ‘द प्रॉपर्टी’मध्ये वॉर्सात फिरणाऱ्या आजी-नातीच्या भाषा अक्षरांच्या वळणावरून वेगळ्या ओळखता येतात, तू मराठी हाताने लिही, हिब्रूतून आलेले संवाद टाइपात घाल, इंग्रजी तिरकं. तीनपेक्षा जास्त वळणं वाचकाला लक्षात राहत नाहीत.

एक वाट अजून सांगते, ‘नको लिहूस’मधल्या एखाद्या गोष्टीवर आजी ठामच राहिल्या तर. आयझ्नरच्या १९७८ च्या ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’मध्ये फ्रिमे हर्श नावाचा माणूस देवाशी दगडावर करार लिहितो, आणि दत्तक मुलगी गेल्यावर तो करार मोडला म्हणून देवाला जाब विचारतो. आयझ्नरची स्वतःची मुलगी सोळाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली होती. ते त्याने तेव्हा कुठेच लिहिलं नाही. ब्राँक्समधली एक चाळ आणि अखंड पाऊस काढला. नाव, गाव आणि नातं बदललेली चार पानांची वेगळी कथा पुस्तकाच्या मध्ये बसू शकते. पण ती कल्पित आहे हे वाचकाला कळलं पाहिजे: कागदाचा रंग बदल, किंवा चौकटींच्या रेघा काढून टाक.

पुढच्या खेपेला शाई नको. पूर्ण पुस्तकाची थंबनेलं, म्हणजे पानांचे छोटे कच्चे आराखडे, पाठव, सहा बाय नऊ सेंटिमीटरची, एका ए-फोरवर सहा. प्रत्येकाखाली रेकॉर्डिंगमधली वेळ लिही, म्हणजे कुठलं वाक्य कुठून आलं ते मला पडताळता येईल, आणि ज्या थंबनेलात तू आहेस तिथे लाल ठिपका दे. सलग पाच पानं ठिपक्याशिवाय गेली तर का गेली ते बाजूला एका ओळीत लिही. शनिवारचं पान आधी कर. आजींना सांग, तेल काढून झाल्यावर पेंडीचं काय करायचे ते मला हवंय. उताऱ्यात त्या सांगायला लागल्या होत्या आणि तू मध्येच दुसरा प्रश्न विचारलास.

आजींना नमस्कार.